बाबाचा लांब सूर

आमच्या घरात सकाळचा पहिला अर्धा तास कोणी कोणाशी बोलत नसे. भांडण वगैरे काही नव्हतं, दोघांचीही तोंडं अडकलेली असायची. मायच्या तोंडात दाताला लावायची तंबाखूची गुडाखू आणि बाबाच्या तोंडात क्लॅरनेटची पत्ती. ती वेताची बोटभर पत्ती ओली झाल्याशिवाय बोलत नाही, म्हणून बाबा उठल्याबरोबर ती जिभेवर ठेवायचा आणि तशीच ठेवून अंगण झाडायचा, बकरीला पाला टाकायचा, हातपंपावरून दोन घागरी आणायचा. माय काही विचारायची तेव्हा तो नुसती मान हलवायचा, आणि माय गुडाखूची पिचकारी टाकून म्हणायची की या घरात माणसाला उत्तर मिळायचं तर ते बाज्यातूनच मिळेल. मग बाबा ओसरीत बसायचा, पत्ती बांधायचा आणि एकच सूर धरायचा. गाणं नाही, तान नाही, एकच सूर, लांबच्या लांब. आमच्या मोहल्ल्यातल्या चुलींवर त्या सुरावर आधण चढायचं. मी शाळेत जायच्या आधी अंथरुणात पडून तो मोजायची. चाळीसच्या पुढे मला मोजायचा कंटाळा यायचा, बाबाला फुंकायचा येत नसे.

चामोर्शीच्या रस्त्यावर एक राइस मिल होती, बाबा तिथे हमाल म्हणून लागला आणि पुढे मशीनवर आला. धान कापून झालं की मिल रात्रंदिवस चालायची आणि त्या दिवसांत बाबा घरी यायचा तो पिठात लोळून आल्यासारखा. कोंडा केसांत, कानांत, पापण्यांवर. माय त्याला दारातच उभा करून सदरा काढायला लावायची आणि तो सदरा कडुनिंबाच्या खोडावर आपटायची. अंगावरचा कोंडा असा झटकला जायचा. आत गेलेल्याचा कोणी विचार केला नाही, त्यानेही नाही. हातपाय धुऊन तो भात आणि लाखोळीच्या डाळीचं पातळ वरण खायचा, सोबत वाळल्या मासोळ्यांची चटणी, आणि जेवताजेवता खोकायचा. खोकला म्हणजे मिलचा पगारच आहे, असं आमच्याकडे सगळे सहज म्हणत. मीही म्हटलं असेल.

पण मिलवाला म्हणून बाबाला कोणी ओळखत नसे. देवाजीभाऊंच्या गायन पार्टीतला क्लॅरनेटवाला म्हणून ओळखत. देवाजीभाऊ गायचे, एक जण ढोलक, एक जण बेंजो, मागे कोरसला दोघं-तिघं, आणि बाबा. जयंतीला, लग्नात, विहाराच्या वर्धापनदिनाला ही पार्टी चामोर्शीपासून पार पोंभुर्ण्यापर्यंत जायची. देवाजीभाऊंच्या वडिलांनी या पार्टीला एक रिवाज घालून दिला होता. कार्यक्रमाआधी सगळी वाद्यं क्लॅरनेटच्या लांब सुराला मिळवायची. बाबा सूर धरायचा तेव्हा देवाजीभाऊ उजवा हात वर करायचे, आणि हात खाली आला की सूर थांबवायचा. हात खाली यायच्या आधी सूर तुटला तर वाद्य खाली ठेवायचं आणि पुन्हा सगळ्यांसमोर सूर पुरा केल्याशिवाय उचलायचं नाही. लग्न असो की मयत, रिवाज तोच. माणूस गेला तरी वंदना झाल्यावर त्याच्यासाठी हा सूर दिला जायचा. लोक गाणी विसरून जात, पण अमक्याच्या लग्नात सूर किती लांबला ते वर्षानुवर्षं सांगत.

तो सूर तुटला तो चामोर्शीला, भरल्या बाजाराच्या दिवशी, जयंतीच्या मंडपात. मी समोरच बसले होते. देवाजीभाऊंचा हात वरच होता आणि सूर मध्येच फाटला, मग खोकला आला, तो थांबेना. देवाजीभाऊ मोठ्या मनाचे, त्यांनी हात घाईघाईने खाली घेतला, म्हणजे जणू सूर पुरा झाला. पण बाबाने क्लॅरनेट रुमालात गुंडाळून खाली ठेवलं आणि तो मंडपाच्या मागे जाऊन बसला. पुढे चंद्रपूरच्या दवाखान्यात छातीचे फोटो निघाले. डॉक्टरांनी सांगितलं की छाती कडक झाली आहे, ती पुन्हा मऊ होणार नाही, पण आहे ती टिकवता येईल. मिल बंद करायची, गोळ्या घ्यायच्या, श्वासाचा पंप ओढायचा, दर महिन्याला तपासून जायचं. आणि फुंकायचं नाही. बाबाने बाकी सगळ्याला मान हलवली. शेवटच्या वाक्यावर तो डॉक्टरांच्या टेबलावरच्या पेनकडे बघत राहिला.

मिल सुटल्याचं त्याला दुःख नव्हतं. मशीनऐवजी त्याला गोदामात बसायचं काम मिळालं. पण घर मुकं झालं. सकाळी तो सवयीने पत्ती जिभेवर ठेवायचा, अंगण झाडायचा, आणि ओसरीत आल्यावर ती काढून पुसून डबीत ठेवून द्यायचा. रोज. मायने एकदा ती डबी लपवली तर तो दिवसभर जेवला नाही. पार्टी बेंजोवर सूर लावून कार्यक्रम करू लागली. देवाजीभाऊ भेटायला यायचे, चहा पिऊन जायचे, दोघं पावसापाण्याचं बोलायचे. त्यांच्या मुलीचं लग्न जमत होतं आणि ती लहान असताना बाबाने तिला शब्द दिला होता की तिच्या लग्नातला सूर मीच देईन. त्याबद्दल दोघंही चकार शब्द काढत नसत.

मी त्या वेळी चंद्रपुरात डिप्लोमा करत होते आणि संध्याकाळी एका साउंड सर्व्हिसच्या दुकानात वायरी जोडायचं काम करत होते. तिथेच ते वाद्य माझ्या हाती लागलं. नागपूरच्या कुठल्याशा ऑर्केस्ट्रावाल्याने दुरुस्तीला टाकलेला विंड कंट्रोलर, तो पुढे न्यायलाच आला नाही. हातभर लांबीची काळी प्लास्टिकची काठी, एका टोकाला रबराचं तोंड. मालकांनी मला तो, दुकानातल्या जुन्या लॅपटॉपसकट, माझ्या दोन महिन्यांच्या पगारात दिला. ज्यांनी हे वाद्य पाहिलं नसेल त्यांना सांगते, त्याला स्वतःचा आवाज नसतो. तुम्ही किती जोराने फुंकलं आणि बोटं कुठे ठेवली एवढंच ते लॅपटॉपला कळवतं. आवाज लॅपटॉपमधल्या सॉफ्टवेअरचा. क्लॅरनेट म्हणा तर क्लॅरनेट, सनई म्हणा तर सनई. आणि पडद्यावर एक हिरवी पट्टी फुंकेबरोबर वर चढते, शून्यापासून एकशे सत्तावीसपर्यंत. किती श्वासाला किती आवाज द्यायचा हे आपण ठरवायचं. मला त्यात चमत्कार वगैरे दिसला नाही. मला एवढंच दिसलं की कमी फुंकून भरपूर वाजेल असं एक वाद्य जगात आहे, आणि आमच्या घरी एक माणूस रोज सकाळी पत्ती पुसून ठेवतो आहे.

दिवाळीच्या सुट्टीत मी ते घरी नेलं. मायने विचारलं की हा पोंगा कशाचा आहे. बाबाने आधी हातच लावला नाही. मग मी वायर जोडली, स्पीकर लावला आणि वाईट का होईना एक सूर काढून दाखवला, तसा तो उठून आला. पहिले आठ दिवस त्याने मला शिव्या घातल्या. क्लॅरनेटवर बोटं टेकवून ठेवायची त्याची सवय, आणि या काठीवर नुसता स्पर्श झाला तरी सूर बदलतो, त्यामुळे भलतेच सूर मध्येच कुईकुई करायचे. वरच्या सप्तकासाठी डाव्या अंगठ्याखाली चाकं, ती त्याला सापडायची नाहीत. टोकातून थुंकी टपटपायची, तिच्याखाली मायने वाटी ठेवली. शिवाय आवाज जरासा मागून यायचा. "सुमे, हे तं उशिरा बोलते," तो म्हणाला. "मी आज फुंकतो आन् हे उद्या वाजते." मी सेटिंग बदलून तो उशीर कमी केला. मग एके दुपारी त्याने भैरवीतलं एक जुनं गाणं पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजवलं. माय अंबाडी निवडत होती, ती निवडायची थांबली. वाजवून झाल्यावर बाबाने काठी मांडीवर आडवी ठेवली आणि तिच्याकडे बघत म्हणाला, बाजा नकली आहे, पण बोटं माझीच आहेत. मी त्याला कधी रडताना पाहिलं नव्हतं, त्या दिवशीही तो रडला नाही, पण जेवताना त्याने दोनदा भात मागून घेतला.

त्या दुपारी पट्टी एक्केचाळीसपर्यंत चढत होती. मी स्वतः फुंकलं तर नव्वदच्या पुढे जायची, आणि माझी छाती काही वाजवणाऱ्याची नव्हे. मी एक्केचाळिसाला पुरा आवाज मिळेल असं लावून दिलं आणि तसं त्याला सांगितलंही. पहिल्यांदा सांगितलं, हे मला इथे लिहून ठेवायचं आहे. लॅपटॉप त्याच्याजवळच ठेवून मी गेले आणि दीड महिन्याने आले तेव्हा तो म्हणाला की बाजा जड झाला आहे, काहीतरी बिघडलं. मी लॅपटॉप उघडला. पट्टी तिसाच्या वर जात नव्हती. काही बिघडलेलं नव्हतं. तो समोर बसला होता, गळ्यात पट्टा, तोंड पुसून तयार, आणि मी पडदा माझ्याकडे वळवला, तीसवर पुरा आवाज लावला आणि म्हटलं, वायर सैल होती. त्याने फुंकलं. सूर भरून आला. "आता बराबर," तो म्हणाला. किती सोपं होतं ते! आमच्याकडे म्हणतात, सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं सोंग आणता येत नाही. मी श्वासाचं सोंग आणलं, आणि तेही दुसऱ्याच्या.

त्या हिवाळ्यात मी पाच-सहा वेळा घरी आले आणि दर वेळी पट्टी खाली आलेली असायची. सव्वीस. बावीस. सतरा. दर वेळी मी तेवढंच खाली लावून द्यायची. बाबाचा आवाज मात्र पहिल्यापेक्षा खुलला, कारण बोटं आता त्या काठीला सरावली होती. देवाजीभाऊंच्या अंगणात सगळ्यांसमोर त्याने लांब सूर पुरा केला, देवाजीभाऊंनी हात खाली घेतला आणि दोघं एकमेकांच्या पाया पडायला एकदमच वाकले, डोकी आपटली, लोक हसले. रिवाजाप्रमाणे तो पार्टीत परत आला. वाद्य बदललं तर रिवाज मोडत नाही का, असं बेंजोवाल्याने विचारलं, तर देवाजीभाऊ म्हणाले की सूर ज्याच्या श्वासाचा त्याचा, लाकूड असो की प्लास्टिक. सगळ्यांना ते पटलं. मी त्या घोळक्यातच लॅपटॉपची वायर गुंडाळत उभी होते.

एक गोष्ट मला तेव्हा कळायला हवी होती, कारण तिच्यातच मी वाढले होते. बाबाला ताप मोजता येत नसे, डॉक्टरांचे कागद वाचता येत नसत, आपण किती पायऱ्या चढलो याकडे त्याचं लक्ष नसे. छाती कशी आहे हे त्याला एकाच गोष्टीवरून कळायचं, सूर भरतो की नाही. सगळे फुंकणारे असेच असतात. सूर भरला म्हणजे छाती बरी. त्याचा सूर महिनोन्‌महिने भरत होता. म्हणून त्याने आधी पंप देवळीत ठेवला, मग गोळ्या दिवसाआड केल्या, मग चंद्रपूरची तारीख चुकवली. मी विचारलं तर म्हणाला, बऱ्या माणसाने दवाखान्याची गर्दी कशाला वाढवायची. मला पट्टी दिसत होती. त्या घरात, त्या गावात, त्या डॉक्टरलासुद्धा जे माहीत नव्हतं ते मला आकड्यात माहीत होतं. मी पुढच्या तारखेला नेईन, असं मनात म्हटलं आणि चंद्रपूरची बस पकडली.

माय निरक्षर होती, पण तिला पट्टीची गरज नव्हती. मार्चमध्ये एकदा मी भांडी घासत होते, ती शेजारी येऊन बसली. म्हणाली, "बाजा चांगला वाजून राह्यला, सुमे. पन माणूस नाई. काल हातपंपावरून येता येता तीनदा बसला तो. तुले तं त्या डब्यात सारं दिसते ना?"

"दिसते," मी म्हटलं.

"मंग सांग त्याले."

"पोंभुर्ण्याचं लगन होऊ दे."

पोंभुर्ण्याचं लग्न म्हणजे देवाजीभाऊंच्या मुलीचं. राखेने घासलेलं एक भांडं मायने पुन्हा घासायला घेतलं. आज या वयात, बाबाला जाऊन इतकी वर्षं झाल्यावर, मला वाटतं तिनेच त्याला सांगून टाकायला हवं होतं. पण ती शिकलेल्या मुलीवर विश्वास ठेवून राहिली. शिकलेल्या मुलीला वाटत होतं की एक लग्न पार पडू द्यावं, त्याचा शब्द पुरा होऊ द्यावा, मग त्याला हात धरून नेऊ. वाईट मनाने मी काही केलं नाही. चांगल्या मनानेच केलं, म्हणून तर थांबले नाही.

लग्न मेमध्ये, दुपारचं. पोंभुर्ण्याला वराकडच्यांनी मोठा मंडप टाकला होता आणि चारी बाजूंनी कूलर लावले होते, तरी पत्र्यावर पापड भाजावा असं ऊन. स्वयंपाकाकडून वांग्याच्या भाजीचा आणि बुंदीचा वास येत होता. पाहुणे यायच्या आधी मी स्टेजच्या बाजूला टेबल मांडलं आणि बाबाला फुंकायला सांगितलं. पट्टी नऊवर गेली. पुन्हा फुंकायला सांगितलं. सात. बाबा घामाने निथळत होता, ओठ जांभळट दिसत होते, मी म्हटलं उन्हामुळे असेल. मी सगळ्यात खालची मर्यादा लावली, एक. म्हणजे एवढासा श्वास गेला तरी वाद्य बोलणार आणि भरून बोलणार. तेवढ्यात कोणीतरी कूलर चालू केला आणि बाबाने काठी हातात नुसती धरलेली असताना ती वाजू लागली. कूलरच्या वाऱ्याने. बाबा दचकला. मी काठीचं तोंड हाताने झाकलं, सूर थांबला. त्याने विचारलं की हे काय. मी म्हटलं की कूलरचं तोंड फिरवायला सांगते. आणि विसरले. वधूच्या मैत्रिणींनी मला फोटोला बोलावलं होतं.

पार्टी बसली. मंडप भरला. बाबाने खुर्ची मागून घेतली होती, पांढरा सदरा, गळ्यात काठीचा पट्टा. नवरी समोर, नवं पांढरं लुगडं नेसलेली, त्याच्याकडे बघून हसली. देवाजीभाऊंनी हात वर केला. सूर लागला. काय सूर होता तो, आजही खोटं बोलवत नाही. मऊ, भरलेला, सरळ. मी लॅपटॉपकडे पाहत होते, पट्टी सातवर, मग पाचवर. मला पट्टीची काळजी होती. लोक मोजायला लागले, आधी मनात, मग मोठ्याने. तीस. चाळीस. पट्टी तीनवर, दोनवर, आणि तिथेच राहिली, थरथरत, पण राहिली. पन्नासला शिट्ट्या सुरू झाल्या. देवाजीभाऊंचे डोळे मिटलेले होते आणि त्यांनी मुद्दाम हात खाली घेतला नाही, मुलीच्या लग्नातला सूर, जाऊ द्यावा जाईल तितका. साठ. सत्तर. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. मला वाटलं, बाबा जिंकला. मी पडद्याकडे बघत होते. बाबाकडे बघितलं असतं तर दिसलं असतं की मान छातीवर पडली आहे, काठी तोंडातून निसटून गालाला टेकली आहे, बोटं तेवढी जागच्या जागी आवळलेली आहेत, आणि समोरचा कूलर सरळ त्याच्या तोंडावर वारा घालतो आहे.

माय बायकांच्या बाजूला मागे बसली होती. ती माणसाकडे बघत होती. ती पंगतीच्या सतरंज्या तुडवत धावत आली, तिने काठी त्याच्या हातातून ओढली, बोटं सुटली, सूर एकदम वर चढला आणि तसाच वाजत राहिला. मंडपात आता कोणी बोलत नव्हतं आणि तो वाजतच होता. मी लॅपटॉपचं झाकण बंद केलं तेव्हा थांबला. बाबाच्या हातात लाकडाचं क्लॅरनेट असतं तर तिसाच्या आतच सूर तुटला असता, सगळा मंडप त्याच्याकडे वळला असता, कोणीतरी पाणी आणलं असतं, गाडी काढली असती. आज मी दुसऱ्यांची वाद्यं लावून देते, ते माझं पोट आहे, आणि कोणी मर्यादा खाली करायला सांगितली की मी पडदा आधी त्याच्याकडे वळवते. काही जणांना राग येतो. येऊ दे.

नवरीच्या गाडीतून त्याला चंद्रपूरला नेलं, गाडीला अजून फुलं लावलेली होती. तो तिथे आठ दिवस होता. पाचव्या दिवशी थोडं बोलता येऊ लागलं. माय खाली चहाला गेली होती. नाकावरचा मास्क हाताने जरा उचलून त्याने मला विचारलं, "शेवटी किती होता?"

मला वाटलं होतं आकडा उतरत गेल्याचं त्याला काही ठाऊक नाही. ठाऊक नव्हतंच. पण माय बोलली असावी. मी म्हटलं, "दोन. तोही तुहा नव्हता. कूलरचा होता."

"आन् दिवाळीले?"

"एक्केचाळीस."

मशीनचा आवाज चालू होता. मी सांगू लागले की तुला परत वाजवताना बघून घरात कसं सगळं बदललं, तू कसा दोनदा भात मागून घेतला, मला ते मोडवेना. रडत रडत बरंच काही सांगितलं. त्याने मला सगळं सांगू दिलं. मग एकेका शब्दाला दम घेत तो म्हणाला, "खुश तं होतो मी. थेच तं. मी बरा झालो म्हून खुश होतो." आणि मास्क पुन्हा लावायच्या आधी, "श्वास माहा होता, सुमे. मले सांगाले पायजे होतं."

त्याने माझ्या डोक्यावरून हात फिरवला असं लिहिता आलं असतं तर बरं झालं असतं. त्याने कूस बदलली. पुढचे तीन दिवस तो मायशी बोलला, देवाजीभाऊंशी बोलला, बकरीची चौकशी केली. माझ्याशीही बोलला, पाणी दे, पाय दाब, खिडकी लाव. रागाने नाही. पण त्या विषयावर त्याचं जे बोलायचं होतं ते बोलून झालं होतं.

गावाकडे नदीच्या काठावर त्याला ठेवलं. वंदना झाली. मग सूर द्यायची वेळ आली आणि कोणी हललं नाही, कारण देणारा तोच होता. बेंजोवाला पुढे होऊ लागला तर देवाजीभाऊंनी त्याला थांबवलं. त्यांच्या काखेत रुमालात गुंडाळलेलं क्लॅरनेट होतं, आमच्या घरातून मायनेच दिलेलं. ते त्यांनी माझ्यापुढे धरलं. "तू दे," म्हणाले. मी म्हटलं की मला येत नाही. लहानपणी बाबाने बोटं धरून शिकवलं होतं तेवढंच. देवाजीभाऊ क्लॅरनेट तसंच धरून उभे राहिले.

रुमालातलीच पत्तीची डबी उघडली. पत्ती कोरडी ठणठणीत होती. मी ती जिभेवर ठेवली आणि सगळे वाट बघत उभे राहिले. पत्ती ओली होईपर्यंत कोणी बोललं नाही, मायसुद्धा नाही. तेवढा वेळ मी आमच्या ओसरीतच होते, अंगण झाडल्याचा आवाज मला ऐकू येत होता. मग पत्ती बांधली. देवाजीभाऊंनी हात वर केला. मी फुंकलं. आवाज घोगरा आला, हलला, कसाबसा उभा राहिला. मी मनात मोजत होते, आणि अकराला तो तुटला. देवाजीभाऊंचा हात वरच होता. तुटलेला सगळ्यांनी ऐकला. कोणी पुढे येऊन तो पुरा केला नाही, आणि देवाजीभाऊंनीही या वेळी हात घाईने खाली घेतला नाही. रिवाजाप्रमाणे मी क्लॅरनेट खाली वाळूवर ठेवलं.